अंगणातली अक्षरं

[दृश्य : सकाळ. सारवलेलं अंगण. काडीनं जमिनीवर रेघोट्या ओढणारा लहान हात.]

ही काडी तिला कुणी दिलेली नाही, तिनं स्वतः उचलली. साडेचार वर्षांची पोर आहे. एक आडवी रेघ, दोन उभ्या, वर एक तिरकी. विचारलं, तर म्हणते, "हे आमचं घर."

यात अक्षर एकही नाही. पण जमिनीवर काढलेल्या खुणेत काहीतरी सांगता येतं, हे तिला उमगलंय. लिहिण्यातलं सगळ्यात अवघड पाऊल तिनं टाकलंय, आणि बहुतेक वेळा ते आपल्या लक्षातही येत नाही. आपण विचारतो, "क कधी काढणार?"

[दृश्य : चिकूच्या वाड्या, टेकडीकडे जाणारा रस्ता.]

हा डहाणू तालुका, आजचा पालघर जिल्हा. इथल्या बोर्डी गावात 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. ताराबाई गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. मुलांच्या हाती खास साधनं देऊन शिकू देणारी मॉन्टेसरी पद्धत त्यांना चांगली ठाऊक होती, पण तिची साधनं खेड्याच्या खिशाला झेपणारी नव्हती. मग शिंपले, खडे, बिया, पानं, माती हीच साधनं झाली. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात जाऊन बसली आणि अंगणवाडी झाली. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. इथली वारली मुलं गुरांमागे रानात जायची, म्हणून शाळाही कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा.

शाळा मुलाकडे गेली. अक्षरं मात्र बऱ्याच ठिकाणी अजून मुलालाच आपल्याकडे बोलावतात. अ अननसाचा, ण बाणाचा, ळ बाळाचा. ण आणि ळ यांनी सुरू होणारा शब्द मराठीत मिळत नाही, म्हणून ते शब्दात मागे शोधायचे. वर्णमालेचा हा क्रम फार सुंदर आहे. कंठापासून ओठांपर्यंत उच्चाराच्या जागा लावत नेलेला. पण तो मोठ्यांना समजणारा क्रम आहे. चार वर्षांच्या मुलाला त्यातून एकही शब्द चटकन हाती लागत नाही.

[दृश्य : गोलात बसलेली मुलं. ताई पाच खडे मांडते, प्रत्येकावर खडूनं एक अक्षर.]

म्हणून ही ताई पाचच अक्षरं घेते. र, म, ग, स, ब. रस. बस. मगर. मग सहावी वस्तू येते, काना. लगेच मामा आला, बाबा आले. आणि समुद्रकाठच्या मुलांचा रोजचा मासा आला. आठवड्याभरात एखादं मूल अख्खं वाक्य वाचतं : "बाबा, बस." ही बस म्हणजे खाली बसायची की रस्त्यावरची, यावर वर्गात वाद होतो. होऊ द्यावा. वाचणं म्हणजे अर्थ लावणं, आणि तो इथे सुरू झाला.

ताईनं आज म दिलाय, म्हणून भ लांब ठेवलाय. घ आणि ध यांचंही तसंच. सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच आठवड्यात आल्या, तर त्यांची गल्लत पुढे वर्षभर पुरते.

आता टाळ्यांचा खेळ ऐका. "घर" म्हटल्यावर ही मुलगी एकच टाळी वाजवते. ताई तिला चूक म्हणत नाही, कारण ती चुकलेलीच नाही. कागदावर घ आणि र अशी दोन अक्षरं आहेत, पण आपल्या तोंडून "घर्" एका दमात बाहेर पडतं. ताई शब्द ताणून म्हणते, घ… र… मग दुसरी टाळी येते. कानानं ऐकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं यांच्यातलं हे अंतर मोठी माणसं विसरून गेलेली असतात.

[दृश्य : परातीतली माती, त्यात बोटानं काढलेला ग.]

पूर्वी धूळपाटी असायची. फळीवर धूळ पसरून बोटानं अक्षर काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. ते शहाणपण मला आजही मोलाचं वाटतं. मातीत अक्षर मोठं निघतं, खांद्यापासून हात फिरतो, आणि बिघडलं तर खाडाखोड दिसत नाही. पेन्सिलीला बोटांची ताकद लागते. ती शेंगा सोलून, फुलं ओवून, कणकेचे गोळे वळून येते. त्याआधीच वही समोर ठेवून "दहा ओळी गिरव" म्हटलं, की काय होतं ते कुठल्याही वहीत बघा. पहिल्या ओळीतला क बरा असतो. पाचवीत तो झुकतो, दहावीत ओळखू येत नाही. मूल त्या पानावर क बिघडवायचा सराव करतं, आणि हे पाहून मला खरंच वाईट वाटतं.

आणि ही दुसरी पाटी. मुलानं "किती" हा शब्द "कीती" असा लिहिलाय. वेलांटीचं कोडं बघा : पहिली वेलांटी क च्या आधी काढायची आणि बोलायची क च्या नंतर. मुलानं ऐकल्या क्रमानं लिहिलं. त्याचा कान बरोबर आहे. या वयात त्यावर लाल फुली मारू नये. ताई खाली स्वतःच्या अक्षरात "किती" लिहिते, दोन्ही वाचते आणि पुढे जाते.

[दृश्य : फळ्याजवळ ताई, शेजारी ती सकाळची मुलगी.]

आता ताई लिहिणार आणि मुलगी सांगणार. घरची बोली वेगळी असली, तर शब्द त्या बोलीतलाच लिहायचा, पुस्तकातला नाही. मुलगी सांगते आणि ताई जसंच्या तसं फळ्यावर उतरवते :

"बाबांनी मासा आणला. मासा मोठा होता. मांजर आली."

ताई प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवत वाचते. मग खडू मुलीच्या हातात देते. "तुला येणारा शब्द शोध."

मुलगी फळ्याजवळ जाते. बराच वेळ नुसती बघत राहते. कुणीही घाई करत नाही. मग एका शब्दाभोवती वाकडातिकडा गोल काढते. मासा. खडू खाली ठेवायला वळते, थांबते, पुन्हा फळ्याकडे बघते आणि दुसऱ्याभोवतीही गोल काढते.

"हा पण तोच आहे," ती म्हणते.