डुलकीचं मोजमाप

श्रोतेहो, नमस्कार.

दुपारच्या झोपेला आपल्याकडे नावं किती! वामकुक्षी, डुलकी, पेंग, झापड. पकडलं गेलंच, तर ‘लागला जरा डोळा’ म्हणून सुटताही येतं. मला मात्र दवाखान्यात बसून त्या ‘जरा’चा हिशेब मांडावा लागतो.

मागे एक टेम्पोचालक आला होता. तक्रार त्याची नव्हती, बायकोची होती. तो म्हणाला, “डॉक्टर, थोडा थकवा आहे, बाकी काही नाही.” मी त्याच्यासमोर आठ प्रश्नांचा एक कागद ठेवला.

हा कागद ऑस्ट्रेलियातला. मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातले डॉक्टर मरे जॉन्स यांनी तो तयार केला आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची खुबी अशी, की ‘तुम्हाला झोप येते का?’ असं तो विचारतच नाही. वाचताना, टीव्ही बघताना, सभेत नुसतं बसून असताना, तासभर गाडीतून जाताना, दुपारी आडवं पडल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर, कुणाशी बोलत असताना आणि गाडी रहदारीत दोन-चार मिनिटं थांबली असताना डुलकी लागण्याचा संभव किती, एवढंच विचारतो. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे जास्तीत जास्त २४. दहापर्यंत ठीक, त्यापुढे तपास करायचा. थकवा वेगळा आणि झोप अनावर होणं वेगळं, ते इथे कळतं. थकलेल्या माणसाला पडून राहावंसं वाटतं, पण डोळा लागेलच असं नाही.

मी बेरजेइतकंच बोलण्याच्या आणि रहदारीच्या प्रश्नांकडे बघतो. दुपारी आडवं पडून झोप लागली, तर त्यात नवल ते काय? पण समोरच्याशी बोलता बोलता मान खाली जात असेल, तर तिथला एक गुणही मला खटकतो.

आमच्या चालकाची बेरीज आली पाच. बायकोने कागद ओढून घेतला. “परवा ताटावर बसले होते. घास हातात तसाच, आणि हे घोरतायत!” तिच्या हिशेबाने पंधरा. पेंगणाऱ्याला आपली पेंग दिसत नाही, आणि पोट गाडीवर असेल तर दिसली तरी सांगवत नाही. म्हणून मी घरच्यांना सोबत बोलावतो.

कागदावर भागलं नाही, तर प्रयोगशाळा. रात्रभर झोपेची तपासणी होते. नार्कोलेप्सीसारख्या, म्हणजे दिवसा झोप अनावर होणाऱ्या आजाराची शंका असेल, तर दुसऱ्या दिवशी डोक्याला तारा लावून दर दोन तासांनी, चार-पाच वेळा, अंधाऱ्या खोलीत झोपायला सांगतात. झोप लागायला सरासरी आठ मिनिटं किंवा त्याहून कमी लागली, तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे असं धरतात. याच्या उलट चाचणीही आहे. मंद उजेडात चाळीस मिनिटं नुसतं बसायचं आणि जागं राहायचं. वाटतं तेवढं सोपं नाही ते.

अर्थात प्रत्येकाला तारा लावायची गरज नसते. आधी मी विचारतो: रात्री झोपता किती? पाळी रात्रीची आहे का? सर्दीची गोळी चालू आहे का? पुष्कळांचं उत्तर तिथेच सापडतं.

आमच्या चालकाचा मात्र झोपेत श्वास अडत होता. रात्री नाकावर मास्क लावून हवा देणारं यंत्र सुरू केलं. “हे लावून माणूस झोपेल कसा?” म्हणून आठवडाभर कुरकुर झाली. तीन महिन्यांनी दोघं पुन्हा आले. या वेळी कागद बायकोनेच भरला. बेरीज सात. त्यातले तीन गुण दुपारी आडवं पडण्याचे.

“तेवढे राहू द्या,” ती म्हणाली.