तीन वर्षं मुरलेलं पान

(दृश्य : पलंगाच्या कडेवर बसलेल्या बाई, हातात पायमोजा)

पायमोजा हातात आहे आणि पाऊल खाली जमिनीवर. तिथवर हात काही पोचत नाही. सायटिका असलेल्यांना ही सकाळ ओळखीची असेल. जरा वाकलं की कुल्ह्यातून कळ निघते, मांडीच्या मागून पोटरीत उतरते आणि घोट्यापाशी मुंग्या येतात.

चीनच्या हेबेई प्रांतातलं शिजियाझुआंग शहर. या बाईंचं दुखणं सात महिन्यांचं. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली आणि पायाकडे जाणारी शीर दबली. पुष्कळांची अशी कळ काही आठवड्यांत ओसरते. यांची रेंगाळली.

चिनी वैद्य अशा दुखण्याचं कारण सांगतात ते असं : वारा, गारठा आणि ओल अंगात शिरते, आणि आतल्या वाटा अडतात. वाट मोकळी असेल तर दुखत नाही, दुखत असेल तर वाट मोकळी नाही. म्हणून उपचार दोन. सुईनं वाट उघडायची, उबेनं गारठा काढायचा. चिनी भाषेत या विद्येच्या नावातच दोन्ही आहेत, टोचणं आणि शेकणं. बाहेरच्या जगानं सुई तेवढी उचलली, ॲक्युपंक्चर म्हणून. आम्ही आधी शेकाकडे गेलो.

(दृश्य : हुबेई प्रांत, छीछुन. सकाळचं धुकं, कापणी)

हुबेईतलं छीछुन. 'पेन्त्साव कांगमू' हा औषधींचा महाग्रंथ लिहिणारे सोळाव्या शतकातले वैद्य ली शीचेन याच मातीतले. आणि ज्याच्या पानांनी शेकतात, ते 'आय' नावाचं झुडूप इथलं वैभव. ज्योतिबाला आपण जो दवणा वाहतो, त्याच्याच कुळातलं. पान चोळलं की कडवट, कापरासारखा वास येतो. पाचव्या चांद्रमहिन्याच्या पाचव्या दिवशी, होड्यांच्या शर्यतींच्या सणाला, याच्या जुड्या दारावर लटकवतात. कापणीही याच सुमाराला, कारण तेव्हा पान भरात असतं.

पानं वाळवायची. मग ठेवून द्यायची.

(दृश्य : गोदाम, पोत्यांच्या थप्प्या)

सगळी विद्या या ठेवून देण्यात आहे. ताज्या पानात उडून जाणारं तेल जास्त. ते भडकन पेटतं आणि कातडी पोळतं. वर्ष दोन वर्षं मुरलं की आच मऊ होते. मेन्शियस हा तत्त्वज्ञ इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून गेला : सात वर्षांच्या दुखण्याला तीन वर्षांचं पान शोधावं लागतं. तो बोलत होता राज्यकारभाराबद्दल, पण त्याच्या काळात हे उदाहरण कुणालाही कळण्यासारखं होतं, म्हणूनच त्यानं ते दिलं.

मुरलेलं पान कुटतात, चाळतात, पुन्हा कुटतात. देठ, शिरा, धूळ गळून जाते आणि मागे उरतो पिवळसर कापूस. पिंजलेल्या कापसाइतका हलका. कागदात घट्ट वळला की वीतभर लांबीची कांडी तयार. हे हात बघा. कांडी सैल वळली तर निखारा गळून अंगावर पडेल, फार घट्ट वळली तर विझेल.

(दृश्य : पुन्हा शिजियाझुआंग, उपचाराची खोली)

बाई कुशीवर झोपल्या आहेत. खालचा पाय सरळ, वरचा गुडघ्यात मुडपलेला, उडी मारायच्या बेतात असल्यासारखा. वैद्य कुल्ह्याचं हाड चाचपतात, मग माकडहाड. दोन्हींमधल्या रेषेवर, कुल्ह्याच्या हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर, अंगठा थांबतो. या बिंदूचं नाव ह्वानथ्याव. नावातही उडीच आहे. इथं मांस जाड, म्हणून सुई लांब, जवळजवळ तीन इंच.

सुई आत जाते. आता कुणी बोलत नाही. बाईंच्या पायाची बोटं हलली, ते बघा. जडपणा, झिणझिण खाली उतरली की चिनी वैद्य म्हणतात 'तेछी', म्हणजे छी, अंगात वाहणारी प्राणशक्ती, आली. ही खूण पटेपर्यंत बोटांच्या चिमटीत सुई फिरत राहते.

दुसरी सुई गुडघ्याच्या लवणीत. कंबर आणि पाठ दुखली तर लवणीत शोध, असं तिथं विद्यार्थ्यांना पाठच असतं. तिसरी घोट्यामागच्या खळग्यात. या बिंदूला कुनलुन पर्वताचं नाव आहे. अर्धा तास सुया तशाच राहतात. मग कांडी पेटते, कातडीपासून दोन बोटं वर. कातडी गुलाबी झाली की पुढे सरकायचं. ज्यांचे पाय मधुमेहानं बधीर झालेत त्यांना चटका कळत नाही, म्हणून वैद्य आपलं बोट शेजारी टेकवून ठेवतात.

(दृश्य : संग्रहालय, काचेमागच्या सुया)

याच प्रांतात, मानछंगच्या एका राजाच्या थडग्यात १९६८ साली सोन्याच्या चार आणि चांदीच्या पाच सुया सापडल्या. राजा वारला इसवी सनापूर्वी ११३ साली.

(दृश्य : हुतात्म्यांची दफनभूमी, पुतळा)

आणि याच शहरात आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चिरनिद्रा घेत आहेत. १९३८ साली त्यांच्यासोबत आलेल्या पथकात कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू होते. पुढे तेच चीनमध्ये ही सुई शिकले आणि १९५९ साली भारतात घेऊन आले. महाराष्ट्रानं तिच्यासाठी २०१५ साली कायदा केला. त्या पुतळ्यासमोर आम्ही बराच वेळ उभे होतो.

(दृश्य : रुग्णालयाचा बोळ)

चीनमधल्या सहा रुग्णालयांत जुन्या सायटिकाच्या दोनशेवर रुग्णांवर चाचणी झाली, २०२४ साली प्रसिद्ध झाली : चार आठवड्यांत दहा वेळा सुया. पायाची कळ शंभरांच्या मापावर सरासरी तीसनं उतरली, खोट्या सुयांनी पंधरानं, आणि फरक वर्षभर टिकला. ब्रिटनच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचना मात्र कंबरदुखी आणि सायटिकासाठी सुया देऊ नका म्हणतात. पाऊल लुळं पडलं, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधीर झाली, तर सुई नाही, शेक नाही; त्याच तासाला रुग्णालय गाठायचं.

(दृश्य : तोच पलंग, दहावा दिवस)

डावा मोजा चढला. उजव्यासाठी बाईंनी पाय स्टुलावर घेतला आहे. लेक दारात उभी आहे. तिला त्यांनी हातानंच थांबवलं.