खेकडा, सुई आणि नवसागर

[टेबल, वाकवलेला दिवा, पिवळट दगडाची गाठ]

पुण्यात कुठेही खणा, काळा पाषाण लागतो. लाव्हा थंड होऊन झालेल्या या खडकात समुद्रातल्या खेकड्याचा जीवाश्म मिळायचा नाही. ही गाठ कच्छहून आली आहे. मायोसीन काळातल्या उथळ समुद्राचा गाळ, सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीचा. पाच रुपयांच्या नाण्याएवढं जे दिसतंय ती खेकड्याची पाठ. तीही अर्धीच, बाकीची अजून दगडात आहे.

[सूक्ष्मदर्शकातून]

आम्लात बुडवून खेकडा मोकळा करता येत नाही. दगड चुन्याचा, कवचही चुन्याचं. आम्ल दोन्ही खातं. म्हणून आधी हवेच्या दाबावर चालणारी कोरणी, म्हणजे एअर स्क्राइब, आणि कवच दोनेक मिलिमीटरवर आलं की फक्त सुई. टोक कवचावर रोवायचं नाही. दगडाच्या बाजूने एकेक कण उडवायचा.

भेग दिसली की हात थांबवायचा. अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ (भेग धरून ठेवणारी कृत्रिम राळ), सुमारे ५ टक्के, ब्रशच्या टोकाने भेगेत सोडायचं. द्रावण दाट झालं तर वर प्लास्टिकसारखी चकाकी येते आणि फोटो वाया जातो. ते अ‍ॅसिटोनने पुन्हा काढता येतं, म्हणून तर हेच वापरायचं. झटपट चिकटणारा गोंद एकदा लागला की सोडवताना कवचच उखडतं.

[गाठीचे दोन अर्धे शेजारी]

आता हा दुसरा अर्धा नीट बघा. गाठ फुटली तेव्हा कवचाचा वरचा थर या बाजूला चिकटून आला. खालच्या थरावरचे दाणे वेगळे दिसतात, कधी दिसतच नाहीत. हा तुकडा सापडला तिथेच टाकून दिला असता, तर उरलेला गुळगुळीत खेकडा ‘नवी जात’ म्हणून सहज खपला असता. अशा चुका झालेल्या आहेत. दोन्ही अर्धे एकाच डबीत, एकाच क्रमांकाखाली ठेवायचे.

[पाठीवरचे उंचवटे, बाजूने प्रकाश]

मासळी बाजारातला कुठलाही खेकडा उचला, त्याच्या पाठीवर असेच उंचवटे आणि खाचा असतात. मध्ये जठराचा भाग, मागे हृदयाचा, दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे. जात ओळखायची ती इथे, डोळ्यांच्या खोबण्यांत आणि कडेच्या दातांत. उलटा केला की पोटपट्टी: नराची अरुंद, मादीची रुंद. हे न पाहता वर्णन केलं, तर एका जातीच्या नर-मादीला दोन नावं मिळतात.

[परीक्षानळी, पांढरा धूर]

हा धूर नवसागराचा. कल्हईला लागतो तोच, अमोनियम क्लोराइड. नळीत तापवला की त्याची वाफ होते आणि कवचावर पिठासारखी बसते. रंगाचे डाग झाकले जातात, दाणा न् दाणा उठून दिसतो. प्रकाश वरून डावीकडून, ही फोटोची रीत जगभर एकच. आषाढात मात्र पुण्याची हवा आड येते. थर ओल धरतो, त्याचे खडे होतात, ते नमुन्याचेच दाणे वाटतात. मग पाण्याने धुवायचं, वाळवायचं, पुन्हा धूर द्यायचा.

[जुनं छापील चित्र, शेजारी नमुना]

सिंध आणि कच्छमधल्या खेकड्यांच्या जीवाश्मांवर जीवाश्मतज्ज्ञ फर्डिनंड स्टॉलिचका यांनी १८७१ मध्ये लिहिलं. त्यातली टायपिलोबस ग्रॅन्युलोसस ही खेकड्याची जात आजही प्रत्येक नव्या नमुन्याशी ताडून पाहावी लागते. नुसत्या चित्रावरून नाही. त्या काळी चित्रकार मोडका भाग स्वतःच पुरा करून टाकत. मूळ नमुनाच बघावा लागतो, आणि तो बघता येतो तो कुणीतरी दीडशे वर्षं जपला म्हणून.

[लॅपटॉप, हस्तलिखित]

फरक टिकला, तर नव्या जातीला नाव. नावाचा पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा; टायपिलोबस पुल्लिंगी, म्हणून ग्रॅन्युलोसस. स्त्रीलिंगी असतं तर ग्रॅन्युलोसा. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल, तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद आधी हवी. हा खेकडा कुणाचा नातलग, तेव्हाचा समुद्र कसा, ते त्या लेखात येईल.

[ड्रॉवर, ट्रे]

हा होलोटाइप. नाव ज्याच्यावर उभं राहतं तो एकच नमुना. तो कुठल्या संग्रहात, कुठल्या गावी ठेवणार, हे लिहिल्याशिवाय २००० सालापासून नव्या जातीचं नाव प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमात बसत नाही. कुणाच्या घरच्या कपाटात होलोटाइप असू नये. पुढच्या माणसाला तो मागता आला पाहिजे.

[हाताचं क्लोज-अप]

कागदाची चिठ्ठी कसर खाते. म्हणून क्रमांक थेट दगडावर: आधी पॅरालॉइडचा पातळ थर, तो वाळला की शाई, आणि त्यावर पुन्हा एक थर.