ड्रमर नसलेला बँड: यंग मार्बल जायंट्स

१९७८ सालचं कार्डिफ, वेल्सची राजधानी. पंकची, म्हणजे वेगवान, कर्कश रॉकची धूम चालू होती, जो तो अँप (गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र) फुल करून बडवत सुटलेला, आणि इथे स्टुअर्ट आणि फिलिप मॉक्सहॅम हे दोन भाऊ बरोब्बर उलटं करायला बसले, गाण्यातून जे जे काढता येईल ते काढून टाकायचं. स्टुअर्टला खरं तर स्वतःच गायचं होतं, पण फिलिप अडून बसला की गायला ॲलिसन स्टॅटन असेल तरच मी येणार. आणि बरं झालं अडून बसला, कारण ॲलिसनचा तो साधा, कसलाही आव न आणणारा आवाज नसता तर हा बँड आज कुणाला आठवलाही नसता असं मला मनापासून वाटतं.

ड्रमर ठेवलाच नाही. ड्रम मशीनचे ठोके कॅसेटवर भरून ठेवायचे आणि स्टेजवर ती कॅसेट लावायची, बस्स.

आता नीट ऐका. स्टुअर्ट गिटारच्या तारांवर तळहात टेकवून वाजवतोय, म्हणून सूर लांबतच नाही, नुसती कोरडी टकटक येते. चाल पुढे नेतो तो फिलिपचा बेस गिटार. मधेच ऑर्गन. बाकी मोकळी जागा, आणि ती भरायची घाई कुणालाच नाही, याला केवढी हिंमत लागते!

फेब्रुवारी १९८० मध्ये रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीने त्यांचा 'कलॉसल यूथ' हा अल्बम काढला, वेल्समधल्याच एका स्टुडिओत काही दिवसांत उरकलेला, १५ गाणी. त्याच वर्षी 'फायनल डे' हे गाणं आलं, अणुयुद्धाच्या दिवसावरचं, दोन मिनिटंही नाही पुरती, मागे एकच बारीक सूर सतत चालू आणि ॲलिसन शांतपणे सांगतेय की श्रीमंत लोक सगळ्यात शेवटी मरतील. शीतयुद्धाची भीती इतक्या कमी सामानात कुणी मांडली असेल असं मला वाटत नाही.

पण तिघांचं आपसात पटेनासं झालं होतं. १९८० च्या शेवटी अमेरिकेचा दौरा केला आणि त्यानंतर बँड मोडलाच, १९८१ ला एक वाद्यसंगीताचा ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) आला तेवढाच. स्टुअर्टने द जिस्ट नावाचा बँड काढला, ॲलिसन वीकएंड नावाच्या बँडमध्ये गेली.

पुढे निर्वाना बँडच्या कर्ट कोबेनने आपल्या डायरीतल्या आवडत्या ५० अल्बमच्या यादीत 'कलॉसल यूथ' लिहिला, आणि १९९४ मध्ये कोर्टनी लव्हच्या होल बँडने त्यातलंच 'क्रेडिट इन द स्ट्रेट वर्ल्ड' घेतलं, पण गिटार पार फाडून, कोर्टनी चक्क किंचाळतेय. दोन्ही लागोपाठ लावून बघा, चाल तीच आहे!