होल्बीच हाउस : कट संपला ते घर

इंग्लंडमध्ये दर ५ नोव्हेंबरला शेकोट्या पेटतात, फटाके उडतात आणि संसद उडवण्याच्या कटातल्या गाय फॉक्सचं नाव निघतं. पण फॉक्स लंडनमध्ये आदल्या मध्यरात्रीच पकडला गेला होता. कटाचा खरा म्होरक्या होता रॉबर्ट केट्सबी. त्याचा शेवट झाला स्टॅफर्डशायरमधल्या या घरात, १६०५ सालच्या ८ नोव्हेंबरला.

हे होल्बीच हाउस. मालक स्टीफन लिटलटन, कॅथलिक. सरकारी प्रोटेस्टंट चर्चमध्ये प्रार्थनेला न जाणाऱ्या कॅथलिकांना तेव्हा महिन्याला २० पौंडांपर्यंत दंड होता. भल्याभल्यांची जमीनजुमल्यासह वाट लागावी, असा. नवा राजा जेम्स काही सवलत देईल ही आशाही विरली. मग केट्सबीने राजासकट संसदच उडवायचं ठरवलं.

बेत फसल्यावर मंडळी बंडाची हाक देत गावोगाव फिरली. कुणी साथ दिली नाही. कटातला टॉमस विंटूर आणि स्टीफन मदत मागायला सर जॉन टॅलबट यांच्याकडे गेले. टॅलबट स्वतः कॅथलिक, शिवाय टॉमसच्या भावाचे सासरे. त्यांनीही दोघांना हाकलून दिलं.

इकडे घरात, वाटेत भिजलेली बंदुकीची दारू वाळवायला पसरली होती. कुठे, तर पेटत्या शेगडीपुढे! संसदेच्या तळघरात ३६ पिंपं दारू रचणारी ही माणसं. ठिणगी उडाली, भडका झाला. केट्सबी भाजला, कटातल्याच जॉन ग्रँटची दृष्टी गेली.

सकाळी शेरीफ, म्हणजे परगण्याचा सरकारी अंमलदार, रिचर्ड वॉल्श सुमारे २०० माणसं घेऊन आला आणि घराला वेढा पडला. अंगणात टॉमस विंटूरच्या खांद्याला गोळी लागली. केट्सबी म्हणाला, ‘टॉम, माझ्याजवळ उभा राहा, मरू ते बरोबरच.’ केट्सबी आणि त्याचा साथीदार टॉमस पर्सी एकाच गोळीने पडले, असं सांगतात. कटातले राइट बंधूही गेले. केट्सबी कसाबसा सरपटत घरात शिरला. मेला तेव्हा हातात मेरीमातेचं चित्र होतं. पुढे त्याचं आणि पर्सीचं प्रेत उकरून मुंडकी लंडनला संसदेवर लावली.

स्टीफन मात्र वेढ्याआधीच निसटला होता. जानेवारीत तो हॅगलीला एका घरात लपलेला सापडला. तिथल्या आचाऱ्याने ताडलं होतं, की घरातल्या माणसांच्या मानाने जेवण जास्त जातंय.