समुद्र नाही, तापी आहे

(पहाट. प्रकाशाचा घाट. ओल्या पायऱ्या, देवळातली घंटा.)

खानदेशातल्या माणसाला समुद्र बघायचा तर सुरतेचं तिकीट काढावं लागतं. आमची तापी मात्र बिनतिकीट जाते. मुलताईला उगम, 724 किलोमीटरची वाट, आणि सुरतेपुढे अरबी समुद्र.

शहादा तालुक्यातलं हे प्रकाशा. गोमाई इथे तापीला मिळते, काठावर केदारेश्वराचं देऊळ. लोक याला दक्षिण काशी म्हणतात. तशी दक्षिण काशी म्हणवणारी गावं महाराष्ट्रात पुष्कळ. तो वाद आपल्याला नको. 1955 साली इथे उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण युगातली वस्ती निघाली. म्हणजे या काठावर चूल पेटतेय ती तीन हजार वर्षांहून जास्त काळ. थोडं वरच्या अंगाला सारंगखेडा. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो.

(शेत. धूर.)

चुलीवरून आठवलं. हिवाळ्यात खानदेशात येऊन भरीत न खाता कोणी परत गेलं, तर यजमानाचीच लाज जाते. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात हिरवट-पांढरी मोठाली वांगी. जळगावच्या या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याची खरी परीक्षा जाळातच. साल काळी पडून तडकते, देठाशी रस बुडबुडतो, तेव्हा वांगं काढायचं. सोलून लाकडी बडगीत टाकायचं, भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसणासोबत ठेचायचं. गराचे धागे सुटले पाहिजेत, लगदा नको. मिक्सरमधलं भरीत खानदेशी माणूस पहिल्या घासाला ओळखतो, आणि तोंडावर सांगतो. वरून शेंगदाणे, कांद्याची पात आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. "बठ दादा, जेवी ले," एवढंच निमंत्रण.

(सातपुड्याचा पायथा. मोहाचं झाड.)

आता चाखण्याचं. नाशिककडे द्राक्षांची वाइन ग्लासात फिरवून, हुंगून चाखतात. सातपुड्यात हुंगायचं ते मोहाचं फूल. उन्हाळा लागला की फुलं पहाटे टपाटपा गळतात, आणि ऊन चढायच्या आत बाया ती टोपल्यांत वेचून आणतात. भिल्ल-पावरा आदिवासींच्या घरी देवकार्य असो की लग्न, मोहाच्या दारूची पहिली धार जमिनीला. पाहुण्याचा नंबर नंतर. घरची भट्टी कायद्यात बसत नाही, म्हणून आमचं चाखणं फुलापाशीच थांबलं. वाळलेलं फूल दाताखाली मनुक्यासारखं लागतं. गोडी आधी, मागून एक रानटी, आंबूस वास.

निघताना तिथल्या एका आजींनी मूठभर फुलं खिशात घातली. गाडीच्या काचा बंद होत्या. शहादा येईपर्यंत सगळ्यांना पुन्हा भूक लागली.