हाजींचे रियाल, एजंटची बॅग

मंडळी, आज इथं नाशिकमध्ये जमलेले बहुतेक जण उमरा-हजचे ग्रुप नेतात, काही जण खास मालेगावहून आलेत, मागे दोन-तीन नेपाळला पशुपतिनाथचे ग्रुप नेणारे पण दिसतायत. पण मी सौदीच्या चलनावर, रियालवरच बोलणार, कारण माझ्या ऑफिसात येतात त्या केसेस जास्त करून त्याच.

होतं काय, ग्रुप तीस-चाळीस जणांचा, मक्केत बसवाला, जेवणवाला रोख मागतो, म्हणून एजंट सगळ्यांचे रियाल एकाच बॅगेत भरून मुंबई एअरपोर्टला जातो. स्कॅनरवर बॅग थांबते, कस्टम्सवाले विचारतात हे कोणाचे, आणि आपला माणूस म्हणतो, "साहेब, माझे नाहीत, हाजींचे आहेत." त्याला वाटतं सुटलो. केस तिथंच पक्की होते, त्याच्याविरुद्ध.

कारण पुढचा प्रश्न ठरलेला, हाजींचे तर हाजींनी घेतले कुठून, पावती दाखवा. पावती कुठून असणार? मागच्या वर्षी परत आलेल्या लोकांकडचे उरलेले रियाल एजंटने आपल्या दुकानातच विकत घेतलेले असतात, थोडे ओळखीच्याकडून आणलेले. 1999 चा फेमा कायदा म्हणतो की परकीय चलन घ्यायचं-द्यायचं ते रिझर्व्ह बँकेचं लायसन्स असलेल्या बँकेशी किंवा मनी चेंजरशी. म्हणजे 'लोकांचे आहेत' म्हणता म्हणता तुम्ही स्वतःच विनालायसन्स मनी चेंजर असल्याचं लिहून दिलंत.

आणि वाईट याचं वाटतं की हज-उमऱ्याला नियम उलट सैल आहे. बहुतेक देशांना जाणाऱ्याला नोटांच्या रूपात 3000 डॉलरइतकंच चलन मिळतं, हज-उमऱ्याला ती अट लागत नाही. 50,000 रुपयांच्या वर गेलं की चेक किंवा बँकेतून पैसे द्यायचे, एवढंच. तेवढ्यासाठी आणि रेटमध्ये चार पैसे सुटतात म्हणून लोक लाखांची जोखीम घेतात, मला तर हा हिशोब कधी कळला नाही. प्रत्येक हाजीने आपल्या पासपोर्टवर घ्यावेत, कॅशमेमो आणि रियाल त्याच्याच खिशात असावेत, वाद संपला.

बरं, जप्ती झालीच तर. 1962 च्या कस्टम्स कायद्यात 'माल' म्हटलं की त्यात चलनही येतं. पंचनाम्याची तारीख लिहून ठेवा, कारण कलम 110 प्रमाणे सहा महिन्यांत शो कॉज, म्हणजे 'कारणे दाखवा' नोटीस आली नाही तर माल परत द्यावा लागतो. कमिशनरला आणखी सहा महिने वाढवता येतात, पण कारण लिहून आणि पहिली मुदत संपायच्या आत तुम्हाला कळवून. कित्येक वेळा अख्खी लढाई या तारखांवरच होते.

कस्टम्स अधिकारी तुमचं स्टेटमेंट घेतात ते कलम 108 खालचं, ते पुरावा म्हणून चालतं, ते पोलिसांसमोरच्या जबाबासारखं नाही. न वाचता सही करू नका. चुकीचं लिहिलं असेल तर लगेच लेखी कळवा, वर्षभराने वकिलाने सांगितलं म्हणून मागे घेतलेलं स्टेटमेंट कोणी फारसं मनावर घेत नाही.

मग कलम 125, दंड भरून सोडवणं. साध्या मालाला हा पर्याय द्यावाच लागतो, बंदीच्या मालाला अधिकाऱ्याने ठरवायचं. सुप्रीम कोर्टाने 2003 मध्ये म्हटलं की आयात-निर्यातीच्या अटी पाळल्या नाहीत तर तो मालही बंदीचाच, आणि कस्टम्स डिपार्टमेंट नोटांच्या केसमध्ये तेच पुढे करतं. त्यात हा पर्याय द्यायचा मालकाला, मालक माहीत नसेल तरच ज्याच्या ताब्यात माल सापडला त्याला. म्हणजे एअरपोर्टवर 'माझे नाहीत' म्हणालेला एजंट इथं कोणत्या तोंडाने मागणार? मग धावत जाऊन चाळीस हाजींची अ‍ॅफिडेव्हिट्स करतात, एकाच दिवशीचे स्टॅम्पपेपर, एकच मजकूर, खाली फक्त सह्या वेगळ्या! अधिकारी काय समजायचं ते समजतो.

फेमाखाली रकमेच्या तिप्पट दंडापर्यंत वेगळी कारवाई होऊ शकते ती आणखी. फेमाच्या आधी जो फेरा कायदा होता त्याच्यासारखा हा फौजदारी मामला नाही, म्हणून लोक गाफील राहतात.

अपिलाचं सांगून थांबतो. कस्टम्सच्या ऑर्डरवर 60 दिवसांत कमिशनर अपील्सकडे, म्हणजे अपील ऐकणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याकडे जायचं, पेनल्टीच्या साडेसात टक्के आधी भरून. तिथं हरलात तर बॅगेजच्या केसला ट्रिब्युनल नाही, केंद्र सरकारकडे रिव्हिजन, म्हणजे फेरविचाराचा अर्ज असतो, तीन महिन्यांच्या आत. चुकून ट्रिब्युनलमध्ये टाकलेली अपिलं 'आमच्याकडे चालत नाही' म्हणून परत येतात, तोवर हे तीन महिने कधीच उलटून गेलेले असतात. आता विचारा काय विचारायचं ते.